पाणी गोठायच्या आत

रविवारची सकाळ होती. सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटच्या दारात मी बूट घालत होते. महिन्यातून एकदा आमची पाच-सहा जणांची टोळी पुलाउ उबीनला जाते, तिथे सायकली भाड्याने घेते आणि दुपारपर्यंत बेटावर हुंदडते. नवरा लिफ्टचं बटण दाबून उभा होता, तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. पंचवीस वर्षं झाली, ती आणि भाऊजी कॅनडात, कॅलगरीजवळच्या एका लहान गावात राहतात. आमच्याकडे सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच. भाऊजी दोन दिवसांपूर्वी पडून त्यांचं कंबरेजवळचं हाड मोडलं होतं आणि ऑपरेशन नीट पार पडलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्यामुळे मी बुटाची नाडी तशीच सोडून फोन उचलला.

"ते बरे आहेत," ती आधीच म्हणाली. "मी आत्ताच हॉस्पिटलमधून आले. अगं, पण आज रात्री तापमान उणे नऊ होणार आहे आणि गाडीतलं पाणी तसंच आहे."

गाडी म्हणजे त्यांचं मोटरहोम. भाऊजींनी रिटायर झाल्यावर घेतलेलं, आत पलंग, ओटा, बाथरूम असलेलं चाकांवरचं घर. सप्टेंबरात दोघं डोंगरात जाऊन आली होती. दरवर्षी थंडीच्या आधी भाऊजी त्यातलं सगळं पाणी काढून टाकतात, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि पाइप, पंप, नळ, जे समोर येईल ते फोडतं. ते काम या शनिवारी करायचं ठरलं होतं. त्याआधी गुरुवारी ते गाडीच्या टपावरची पानं झाडायला शिडीवर चढले आणि खाली आले.

"वर्कशॉपवाले नाही का करून देत?"

"तीन आठवडे त्यांच्याकडे जागा नाही. शेजारी मुलाकडे गेलेत. आणि ह्यांना मी काही सांगितलेलंच नाही. सांगितलं तर ते तिथे पडल्या पडल्या तळमळतील. तू पाइपांचंच काम करतेस ना? सांग मला. मी करते."

मी पाइपांचंच काम करते हे खरं. बावीस वर्षं मी सिंगापूरच्या उंच इमारतींचा पाणीपुरवठा सांभाळते आहे. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह ही माझी रोजची भाषा आहे. पण आमच्याकडे पाणी गोठतं ते फक्त फ्रिजमध्ये. तरी मला क्षणभरही शंका आली नाही. पाणी इथलं असो की तिथलं, ते वरून खालीच वाहतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधूनच जातं. मी बूट काढले.

"तू पुढे हो," मी नवऱ्याला म्हटलं. तो माझा चेहरा बघून लिफ्टमध्ये शिरला.

खरं सांगायचं तर मला काळजी वाटत होती ती ताईची. ती शाळेत फ्रेंच शिकवायची. तिच्या हातात पाना मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. घरातलं काही बिघडलं की ती भाऊजींना हाक मारायची, आणि लग्नाआधी मला. "तुझ्याकडून नाही व्हायचं, सरक," हे मी तिला किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही.

ताईने जाड जॅकेट चढवलं, डोक्याला दिवा बांधला आणि फोन घेऊन घरापुढे गाडी उभी होती त्या ड्राइव्हवेमध्ये आली. मी जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले आणि तिच्याकडून आधी सगळी गाडी दाखवून घेतली. पाण्याची टाकी पलंगाखाली. तिच्याशेजारी पंप. मागच्या बाजूला गिझर. गाडीच्या पोटाखाली पाणी सोडायच्या दोन तोट्या, एक गार पाण्याची, एक गरम. दहा मिनिटांत माझ्या वहीत नकाशा तयार झाला आणि मला एकदम हलकं वाटलं. हे तर आमच्या इमारतीचंच लहान भावंड होतं.

"ताई, आधी पंप बंद. गिझर बंद आहे ना? दहा दिवस? मग पाणी गारच असेल. आता आतले सगळे नळ उघड, म्हणजे दाब जाईल. मग खालच्या तोट्या."

ती पाठीवर झोपून गाडीखाली शिरली. मला नुसता काळोख आणि तिचा श्वास. मग पाणी पडल्याचा आवाज आला आणि ती ओरडली, "आलं! बाहीत गेलं सगळं!" ती हसत होती. गाडीखाली झोपून हसणारी ताई मी पहिल्यांदाच ऐकली.

टाकी रिकामी झाली. गिझरमधलं पाणी सोडायच्या बुचाने मात्र वीस मिनिटं खाल्ली. ते इतकं घट्ट होतं की तिची मनगटं दुखायला लागली. मी तिला पान्याच्या दांड्यावर एक लांब पोकळ नळी चढवायला सांगितली. तिने गॅरेजमधून तंबूचा खांब आणला, तो अडकवला, सगळा भार टाकला, आणि बूच कुरकुरत सुटलं.

पुढची पायरी अँटीफ्रीझची. कितीही पाणी काढलं तरी वळणावळणांत थोडं उरतंच. म्हणून तोट्या आणि नळ बंद करून पाइपांमधून न गोठणारं गुलाबी पाणी फिरवायचं. गॅरेजमधून तिने एक कॅन उचलून फोनसमोर धरला.

"हा का?"

"लेबल वाच."

तिने वाचलं. तो इंजिनात घालायचा निघाला.

"खाली ठेव ताई. ते विष आहे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी वेगळं असतं."

ते वेगळं मागच्या फळीवर होतं. चार कॅन, भाऊजींनी उन्हाळ्यातच आणून ठेवलेले. पंपाजवळ त्यांनी एक छोटी नळी आणि व्हॉल्व्हही बसवून ठेवला होता. व्हॉल्व्ह फिरवला की पंप टाकीऐवजी थेट कॅनमधून ओढतो. माणूस किती नीटनेटकं काम करतो, असं मनात आलं. आणि एवढं सगळं करून एका शब्दाने बायकोला सांगून ठेवलं नाही, असंही आलं.

आता गिझर पाण्याच्या वाटेतून बाजूला काढायचा होता, नाहीतर सगळं अँटीफ्रीझ त्याच्या पोटात जातं. त्यासाठी गिझरच्या मागे व्हॉल्व्ह होते. ताईने पलंगाखालून फोन आत धरला. मला दोन दिसले.

"खालचा आडवा कर. दुसरा पाइपच्या रेषेत कर. झालं. पंप लाव."

पंप घरघरला. ओट्यावरच्या गार नळातून आधी हवा, मग पाणी, मग लख्ख गुलाबी धार आली. ताईने टाळी वाजवली. बाथरूमचा गार नळ, शॉवर, टॉयलेट, सगळीकडे गुलाबी. एक कॅन संपला.

"आता गरम."

गरम नळ उघडला. खोकला. हवा. पुन्हा खोकला. पंप ओढत होता, कॅन रिकामा होत होता, पण नळातून काही येत नव्हतं.

"चालू राहू दे," मी म्हटलं. "लांबचा पाइप आहे, वेळ लागतो."

दुसरा कॅन संपला.

"तिसरा लाव."

ताईने लावला नाही. "थांब," ती म्हणाली. "जातंय कुठे ते बघू दे ना आधी." ती फोन ओट्यावर ठेवून बाहेर गेली. मला गाडीचं छत दिसत होतं. मग तिचा आवाज आला, "अगं, इकडे बाहेर सगळं गुलाबी झालंय!"

गिझरचं बूच काढलेलं होतं आणि त्या भोकातून आमचा दुसरा कॅन ड्राइव्हवेवर वाहून गेला होता. म्हणजे गिझर वाटेतच होता. म्हणजे व्हॉल्व्ह दोन नव्हते, तीन होते, आणि तिसरा न बघताच मी 'झालं' म्हणून मोकळी झाले होते. ऑफिसात माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं.

"माझी चूक," मी म्हटलं. "गिझरच्या वर, मागच्या अंगाला हात घाल. अजून एक असणार."

ताई आत आली, फोन शेजारी टेकवून पलंगाखाली आडवी झाली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपडत राहिली. "आहे," ती म्हणाली. तिने तो फिरवला. पण उठली नाही. तिथेच, गाडीच्या जमिनीवर बसून राहिली.

"काय झालं? लागलं का?"

"ते पाऊण तास इथे पडलेले होते," ती म्हणाली. "या ड्राइव्हवेवर. मी दुकानात होते. फोन त्यांच्या खिशात नव्हता. मी आले तेव्हा त्यांनी आधी काय विचारलं माहितेय? दूध मिळालं का."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. बहुतेक कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या वहीत पुढची पायरी लिहिलेली होती, पेन हातात होतं, ते मी खाली ठेवलं. चौदा तासांच्या अंतरावरून मी तिला रडताना बघत राहिले. दोन मिनिटं गेली असतील. मग तिने ओल्या बाहीनेच नाक पुसलं.

"हं. बोल. पुढे काय?"

"दोनच कॅन उरलेत. दुकान उघडं असेल तर अजून दोन आण."

"नको. अंधार पडेल. पुरवू आपण. प्रत्येक नळ गुलाबी दिसेपर्यंतच उघडायचा ना? मघाशी आपण उगाच वाहू देत होतो."

ती बरोबर होती. यावेळी पंप तिने स्वतः लावला. एक हात बटणावर, एक नळावर. ओट्याचा गरम नळ गुलाबी झाला, लगेच बंद. बेसिन, बंद. शॉवर, बंद. तिसऱ्या कॅनमध्ये तळाला थोडं उरलंही. नळांतून पडलेलं गुलाबी पाणी सिंकखालच्या वळणात आपोआप साठलं होतं, तिथे वेगळं ओतायची गरज नव्हती, हे मी मोठ्या रुबाबात सांगितलं. तिने गिझरचं बूच परत बसवलं. मी वहीतल्या शेवटच्या ओळीवर काट मारली.

"झालं ताई. आता आत जा आणि गरम काहीतरी पी."

उबीनची वेळ टळून गेली होती. मी खालच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या टपरीवर जाऊन कॉफी आणि टोस्ट घेतला. पंख्याखाली बसूनही घाम येत होता, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. अर्धी कॉफी झाली असेल, तोच पुन्हा ताईचा फोन.

"बाहेरचा शॉवर," ती म्हणाली.

"कुठला बाहेरचा शॉवर?"

"गाडीच्या मागच्या बाजूला झाकण आहे, त्याच्या आत. चिखलाचे पाय धुवायला. तू सांगितलाच नाहीस. मी चहा घेत होते आणि एकदम आठवलं, आम्ही डोंगरातून आलो की मी तिथेच बूट धुते."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. "मग पटकन जा आणि..."

"जाऊन आले. चौथा कॅन लावला, दोन्ही नळ गुलाबी केले. पंपाची गाळणी पण काढून बघितली, तिच्यात पाणी होतं. तेही ओतलं." मग जरा थांबून म्हणाली, "तुला फक्त सांगायला फोन केला."

त्या गाळणीचंही मला सुचलेलं नव्हतं. "शाब्बास," मी म्हटलं, आणि मग जास्त खरं ते म्हटलं, "ताई, हे माझ्याकडून राहूनच गेलं होतं."

रात्री तिथे उणे अकरापर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिने भाऊजींना सगळं सांगितलं, गुलाबी ड्राइव्हवेसकट. मग त्यांनी तीन व्हॉल्व्हबद्दल विचारलं, बुचाबद्दल विचारलं. तिने उत्तरं दिली. "मी तुला आधीच दाखवून ठेवायला हवं होतं," ते म्हणाले. ती म्हणाली, "हो. हवं होतं." हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता.

मे महिन्यात मी बुकित तिमाहच्या एका कॉन्डो इमारतीच्या पंपघरात होते, तेव्हा तिचा मेसेज आला. टाकी धुतली, पाइपांतलं गुलाबी पाणी काढलं, स्वच्छ पाणी भरलं, पंप लावला. एक थेंबही कुठे गळत नाही. खाली फोटो होता. काठी टेकून उभे असलेले भाऊजी, आणि गाडीखालून बाहेर आलेले ताईचे फक्त पाय.

त्या उन्हाळ्यात मी दोन आठवड्यांची रजा काढून त्यांच्याकडे गेले. भाऊजींना अजून फार वेळ गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे मोटरहोम ताई चालवत होती. तिने शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चार रविवार सराव केला होता. भाऊजी शेजारी नकाशा घेऊन, मी मागच्या सीटवर पट्टा बांधून. पहिल्याच वळणावर कपाटातली ताटं खडखडली आणि माझ्या तोंडून "हळू!" निघालं.

"बस गं गप्प," ताई आरशात बघत म्हणाली, आणि गाडी डोंगराच्या रस्त्याला लागली.