चौथं शील

पुंडलिकचा आवाज असा खणखणीत, की रविवारी वस्तीतल्या विहारात तो वंदनेला बसला तर माईक लागायचा नाही. पुढं तो सांगणार, मागं सगळी वस्ती म्हणणार. जीव घेणार नाही, न दिलेलं उचलणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशापाणी करणार नाही. पाच शीलं. बायकांत बसलेली त्याची बायको रत्नमाला चौथ्या शीलाला हमखास गालात हसायची. हा माणूस पाहुण्याच्या घरी उपाशीपोटी ‘जेवून आलो’ एवढंसुद्धा म्हणू शकत नव्हता.

“जराशी थाप मारत जावा की,” ती चिडायची.

“जीभ वळत नाय,” तो म्हणायचा.

तर अशा माणसावर चोरीचा आळ आला. क्रांती चौकाच्या पुढं एका अर्धवट इमारतीवर तो रात्रीचा वॉचमन. एका सकाळी पितळी नळांची खोकी गायब. ठेकेदाराला कुणाला तरी पोलिसांच्या हवाली करायचं होतं. मुकादमावर संशय घ्यावा, तर तो ठेकेदाराचाच साडू. वॉचमन कुणाचाच कुणी नाही. झालं, वॉचमन चोर.

जामीन मंजूर झाला हो, नाही असं नाही. कागदावर झाला. फक्त ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असा जामीनदार उभा करा, म्हणे. भाड्याच्या अन् बिनकागदाच्या खोल्यांत राहणाऱ्या वस्तीनं तो कुठून आणायचा? शहागंजच्या बाजारात टोपलीवर विकायला असता तर रत्नमालेनं घासाघीस करून आणला असता! दौलताबादला तिचा भाऊ साहेबराव होता, थोडी जमीन असलेला. “ताई, जमीन सामाईक हाय, बाकीचे सही देत नायत,” म्हणाला, अन् मग फोनच उचलेना. पावसाळा सरला, थंडी पडली, जामीन मिळालेला पुंडलिक आतच.

इकडं त्याची आई, दगडाबाई, अंथरुणाला खिळली. दार वाजलं की विचारायची, “पुंडल्या आला का गं?”

सरकारकडून मिळालेल्या निशा वकीलबाई भल्या होत्या. कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली उभं राहून त्यांनी सगळं समजावलं. “मावशी, जेलमध्ये अदालत भरणार आहे. न्यायाधीश तिथंच येतात. गुन्हा लहान असला अन् आरोपीनं कबूल केला, तर आत काढलेले दिवसच शिक्षा धरतात. बहुतेक त्याच दिवशी सुटका.”

“अन् नाय कबूल केला तर?”

“केस चालेल. पुरावा काहीच नाही, मला वाटतं काका सुटतील. कधी, ते नाही सांगता येत. पण कबूल केलं तर चोरीचा शिक्का जन्माचा. मी त्यांना कबूल करा म्हणणार नाही.”

“तुमी नका म्हणू,” रत्नमाला म्हणाली. “मी म्हणते.”

मुलाखतीला काचेच्या पलीकडं पुंडलिक, अलीकडं ती. दोघांच्या कानाला फोन.

“कबूल म्हणा अन् घरी या.”

“केलंच नाय, ते कबूल कसं करू?”

“एक शब्द हाय. म्हणायचा अन् थुंकून टाकायचा.”

“रत्ना, जीभ वळत नाय गं.”

“मोठे आले सत्यवादी! तुमची माय दाराकडं डोळे लावून पडलीय. तिला खांदा द्यायला तुमचं सत्य येणार हाय का?”

त्यानं फोन खाली ठेवला. काचेमागं त्याचे ओठ हलले. तिला काही ऐकू आलं नाही.

अदालतीत न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? “नाय साहेब. मीच नेले नळ,” पुंडलिक म्हणाला. संध्याकाळी तो घरी होता.

दगडाबाईनं त्याचा चेहरा चाचपला. “चोरी केली व्हती का रं?”

“नाय, माय.”

“मंग सोडलं कसं?”

पुंडलिकनं बायकोकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. रस्ता चुकलेला माणूस चौकात कुणाकडं बघतो, तसं बघितलं.

“सायबाला खरं कळलं, आत्याबाई,” रत्नमालाच बोलली.

“मला ठाव व्हतंच,” म्हातारी म्हणाली, अन् कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. त्याच आठवड्यात ती गेली.

वॉचमनचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. पुंडलिक शहागंजात पोती उचलू लागला. वस्तीत तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण तो आला की बोलणं थांबायचं. विहारात तो मागं, चपलांजवळ बसायचा. महिन्याभरानं दगडाबाईच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला मात्र विहाराचे जुने कार्यकर्ते फकिरा दादा अडून बसले. “तुझ्या मायची वंदना तूच सांग, पुंडलिक.”

तो पुढं बसला. पहिलं शील झालं. दुसऱ्याला माना वळल्या, कुणी शेजारणीला कोपरानं ढोसलं. न दिलेलं उचलणार नाही. पुंडलिकनं ते असं ठणकावून सांगितलं की विहाराचे पत्रे वाजावेत. कोपर ढोसणारी खाली बघू लागली. तिसरंही झालं.

चौथ्याला तो थांबला.

लोक वाट बघत राहिले. तो खणखणीत आवाज निघालाच नाही. “मायची आठवण आली बिचाऱ्याला,” कुणीतरी कुजबुजलं. शेवटी फकिरा दादांनी चौथं शील सांगितलं, अन् सगळी वस्ती त्यांच्या मागून म्हणू लागली.

बायकांत बसलेल्या रत्नमालेनं तोंड उघडलं. तिचीही जीभ वळली नाही.