दादाने लावून ठेवलेली पेटी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात पावाचे उंडे घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "शैला बाय, ये गे तू..." आणि मला कळलं. त्याला आता दोन महिने होत आले. लिहायला बसले आहे ती रडगाणं गायला नव्हे. माझा हा थोरला भाऊ मजेत जगला आणि झोपेतच गेला. असं जाणं मागूनही मिळत नाही.

टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर धारगळच्या घरात त्याने एक काळी पेटी बसवली. म्हणायला होम सर्व्हर. आत चार मोठ्या डिस्क आणि त्यांना जागं करणारी पाचवी, छोटी. यंत्र कसं चालायचं ते सगळं त्या छोटीवर, दादाने लावलेल्या सेटिंग्जसकट. मोठ्या चौघींत गावच्या बायकांची धालोगीतं, पौषातल्या रात्री नाचत म्हणायची. दरवर्षी मांडावर, धालोच्या अंगणात, जाऊन त्याने ती रेकॉर्ड केलेली. गाणाऱ्यांतल्या निम्म्याजणी आज नाहीत. "माणसां जातली, पेटी रवतली," असं तो ऐटीत म्हणायचा. मी चिडवायची, "पेटयेक तरी येळार जेवूक घालतंस मां?" कारण स्वतःच्या जेवणाची त्याला शुद्ध नसायची.

मुलखाचा नीटनेटका माणूस. प्रत्येक वायरीला कापडी चिठ्ठी. फक्त वहिनीपुढे त्याचं काही चालायचं नाही. दसऱ्याला धूळ पुसायला तो डिस्क बाहेर काढायचा, की ही हळदकुंकवाची वाटी घेऊन हजर. ओलं कुंकू नेमकं नंबराच्या चिकटपट्टीवर. तीन-चार दसऱ्यांत चारही नंबर पुसले गेले. मग एक डिस्क बिघडली. यंत्र पडद्यावर तिचा नंबर दाखवतंय आणि इकडे चौघीही लालभडक! मी डोक्याला हात लावला, दादा मात्र पोट धरून हसत होता. "आता वळखू कशी? सगळ्यांच्याच कपाळार कुंकू!" एकेक काढून-लावून पाहत त्याने बिघडलेली शोधली, आणि वहीत एक नियम लिहून टाकला : जिला हात लावायचा नाही, तिला आधी बाहेर काढून बसवा.

तो नियम मलाच लागणार होता. बारावं उरकलं आणि आठवड्याभरात पेटी बंद पडली. छोटी डिस्क थकली होती. दहा वेळा प्रयत्न करावा तेव्हा एकदा चालू व्हायची. मी शाळेत संगणक शिकवते, पण शिकवणं वेगळं. तिच्या जागी नवी डिस्क तयार करताना चुकून मोठ्यांतली एखादी निवडली गेली असती, तर तिच्यावरचं सगळं पुसलं जाणार. मी भ्यायले होते, खोटं कशाला सांगू! म्हटलं, "वहिनी, गाणी वाचली म्हणजे झालं. सेटिंग्ज मी नव्याने करते, सोपं पडेल." वहिनी माझ्यापुढे कधी नव्हे ती हट्टाला पेटली, तिला सगळं होतं तसंच हवं होतं. "नाय गे. हेंनी लावन दवरलां तशांच जाय माका. कायेक बदलूचां नाय."

मग दादाची वही उघडली. जुनी छोटी डिस्क एकदाची चालू झाली तेव्हा सेटिंग्जची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, दुसरी प्रत माझ्या लॅपटॉपवर. वीज बंद केली. मोठ्या चौघींना काढून लाकडी कदेलीवर म्हणजे खुर्चीवर टॉवेल अंथरून बसवलं, आणि वहिनी दुसरी कदेल ओढून त्यांच्या राखणीला बसली. पेटीत एकटी नवी डिस्क. तिच्यावर यंत्रणा चढवली, दादाच्या सेटिंग्ज घातल्या, पुन्हा पेटी बंद केली आणि मगच चौघींना आत घेतलं. वहिनीने सवयीने कुंकवाची वाटी उचलली... आणि खाली ठेवली. मी ती परत तिच्या हातात दिली. तिने बोट टेकवलं, या खेपेला पेटीच्या झाकणाला.

पेटी चालू झाली. चारही डिस्क पडद्यावर दिसल्या. एक धालोगीत लावलं, वहिनीच्या आईचा आवाज खणखणीत आला. माझा जीव भांड्यात पडला. पण वहिनीचं लक्ष गाण्यात नव्हतं, ती घड्याळाकडे बघत होती.

चार वाजले आणि पेटी टीं टीं करू लागली. मी दचकले. "वहिनी, काय बिघडलं गं?"

"बिगडूंक नाय गे," ती उठलीसुद्धा. "च्या मागता."

दुपारभर ती मागच्या कुळागरात, सुपारीच्या बागेत, असायची आणि चहासाठी हाका मारून दादाचा घसा बसायचा. म्हणून त्याने पेटीलाच चारची वेळ लावून दिली होती. मी नव्याने सेटिंग्ज केल्या असत्या, तर गाणी सगळी राहिली असती. एवढंच पुसलं गेलं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं.

पेटी वाजतच होती. मी बंद करायला हात पुढे केला, तोच स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हता तो.

"येतंय, येतंय... दोनूच हात आसत माका!"