कुरड्या आणि दिवा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. सासरचं गाव पारशिवनीजवळ. विजेचे खांब अर्ध्या गावापर्यंत येऊन थांबलेले, आमची आळी चिमणी-कंदिलावर. नवरा नागपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने मित्राकडून सौर पॅनेल मिळवलं, सीताबर्डीतून बॅटरी आणि एक बारीक ट्यूबलाइट घेतली, आणि आम्ही ते सगळं एसटीत मांडीवर सांभाळत गावी नेलं.

पॅनेल गोठ्याच्या धाब्यावर बसलं, ट्यूब बैठकीत लागली. पहिल्या संध्याकाळी आळीतली सगळी माणसं उजेड बघायला जमली. नवऱ्याची छाती नुसती फुगली होती. दुसऱ्या संध्याकाळी मात्र ट्यूब दोनदा लुकलुकली आणि विझली. त्याने वायर तपासली, बॅटरी हलवून पाहिली आणि शेवटी शिडी चढला. पॅनेलवर धोतर अंथरून सासूबाईंनी दिवसभर कुरड्या वाळत घातल्या होत्या.

"माय, हे काय केलंस वं?"

"काय केलं? तुयी प्लेट उनच खाते न? माया कुरड्याबी उनच खाऊन राहिल्या. वर कोंबड्या येत नाही."

"काचेवर ऊन नाही पडलं तर दिवा कसा लागन?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "काढतो कुरड्या. पण दिवा मले सैपाकघरात पाहिजे."

"तिथवर वायर पुरत नाही, माय."

"मंग आण. बैठकीत तुम्ही करता काय? गप्पाच न! गप्पा अंधारातबी होतात. माया भाकरी अंधारात जयतात."

मी पदर तोंडाला लावून हसले. तो दुसऱ्याच दिवशी पारशिवनीहून वायर घेऊन आला.

त्या संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात चुलीपुढे भाकरी थापताना सासूबाईंचा हात थांबला. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"एवढी काळी होती वं ही?" त्या मला म्हणाल्या. सकाळी चहाच्या आधीच त्यांनी चुना कालवला. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत भिंती रंगवल्या. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

दिवाळीत परत गेलो, तर शेजारच्या शेवग्याची पॅनेलवर सावली टाकणारी मोठी फांदी गायब होती. सासूबाईंनी ती शेजारणीकडूनच तोडून घेतली होती. त्या बदल्यात शेजारीण रोज संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन आमच्याच सैपाकघरात निवडायला येऊन बसायची.