तीन वर्षं नुसता आवाज

कानाला हेडफोन लावला की मीनलला भूक लागलेली कळत नाही. पुण्याला गेली तर तिला "जेवलीस का" म्हणून कोण विचारणार, हा प्रश्न महिनाभर माझ्या डोक्यातून जात नाही. बाकीच्या काळज्या येतात, जातात. ही बसून आहे.

मीनल माझी थोरली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि कुणी काही म्हणायच्या आत उल्हासनगरला हेमचंद्र शेठच्या व्हिडिओच्या दुकानात लागली. लग्नाच्या कॅसेटी जोडायचं काम. अंबरनाथ पश्चिमेत आमच्या इमारतीत तिच्याबरोबरच्या मुली बँकेच्या परीक्षा देत होत्या, आणि ही लोकांच्या वराती बघत बसायची. "शिकलेली मुलगी, आणि दुकानात?" असं जिन्यात विचारलं गेलं की मी "सध्या" एवढंच म्हणायचे. या सध्याला दोन वर्षं झाली.

दुकानाची रीत ठरलेली. कॅमेऱ्यात आलेला मूळ आवाज पुसायचा आणि सगळीकडे सिनेमाची गाणी टाकायची. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला रडकं एक. मीनल पुसायच्या आधी तो आवाज पूर्ण ऐकायची. शेठ हसायचे, "बेटा, शादी तेरी है क्या?"

यंदा तिने दोन ठिकाणी अर्ज केले आणि दोन्हीकडे तिचं नाव लागलं. पुण्याच्या सरकारी संस्थेत तीन वर्षांचा ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम. अंधेरीला एका खासगी संस्थेत वर्षाचा कोर्स: कॅमेरा, एडिटिंग, दिग्दर्शन, आवाज, सगळं थोडं थोडं. अंधेरीहून रात्री घरी येता येतं. म्हणून ह्यांनी अंधेरीला फोन करून जागा धरून ठेवायला सांगितलं, आणि मी मान डोलावली.

त्या दिवसापासून जेवताना दुसरा विषय नाही.

"तीन वर्षं नुसता आवाज?" हे म्हणाले. "पूर्ण थाळी मिळत असताना नुसती आमटी कोण मागतं?"

"तुम्ही कारखान्यात एका वर्षात सगळी खाती शिकलात का, बाबा?"

"मी पगारावर शिकलो. आणि मुली करतात का हे काम?"

"करतील ना. मी करते."

मी दोघांना भात वाढत होते. खरं सांगायचं तर कोण जिंकतं याच्याशी मला देणंघेणं उरलं नव्हतं. फक्त हे संपावं, असं वाटायचं.

मग पालेगावचं लग्न आलं. बनूबाई म्हणून तिथल्या आगरी घरातल्या आजी, त्यांच्या नातीचं. त्या लोकांच्या लग्नात हळदीपासून विधी चालतात ते धवलारीण गाते त्या धवल्यांवर, म्हणजे लग्नाच्या गाण्यांवर. ती गात राहते, बाकीचे तिच्या गाण्यामागून एकेक करत जातात. मीनलने हळदीवर सिनेमाचं गाणं टाकलंच नाही. धवलारणीचा आवाज होता तसा ठेवला.

चार दिवसांत बनूबाईंचा मुलगा बाळाजी कॅसेट घेऊन दुकानात हजर.

"ताई, आमचे हलदीला गानाच नाय! सगल्यांच्या कॅशेटीला गाना, न आमची मुकी. पावनं हसतान आमाला."

"धवलारीण गाते की त्यात, दादा."

"ती गातेय का रडतेय, काय कलतंय काय?"

शेठ वैतागले. "बेटा, गाना डाल दे, बात खतम." मीनलने मुकाट्याने गाणं टाकून दिलं.

आधीची कॅसेट घेऊनच ती घरी आली आणि झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, अपमान झाला असणार. मी म्हटलं, "जाऊ दे गं. लोकांना हौस असते."

"नाही आई, त्यांचं बरोबर होतं." तिने आधीची कॅसेट लावली. "ऐक."

मी ऐकलं. जनरेटरची घरघर, पोरांचा गलका, भांडी आपटल्याचे आवाज, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक बाई गात असलेली. शब्द एकही कळेना. टीव्हीजवळ जाऊन बसले, तरी कळेना.

"माईक तिच्याजवळ हवा होता," मीनल म्हणाली. "पण ती उठते, फिरते, नवरीभोवती जाते. मग तो कुठे ठेवायचा, जनरेटर कसा टाळायचा, मला काहीच येत नाही. दोन वर्षं मी फक्त लोकांचे आवाज पुसतेय."

"अंधेरीत शिकवतील की."

"विचारलं मी. वर्षात आवाजाला जेमतेम आठवडा. बाकी सगळा कॅमेरा." जराही न चिडता म्हणाली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग कॅसेट मागे घेऊन ती पुन्हा ऐकत बसली आणि मी पोळ्या करायला उठले.

आज सगळे झोपल्यावर हे लिहायला बसले आहे. हा तिचा हट्ट नाही, हौस नाही. काय येत नाही ते तिला कळलंय, आणि ते शिकायला वर्ष पुरणार नाही, हे मलाही कळलंय. ह्यांना ते पटायला वेळ लागेल, आणि अंधेरीवाले सोमवारपर्यंतच थांबणार आहेत. पुन्हा थाळी आणि आमटी करत बसायची माझ्यात ताकद नाही.

सकाळी अंधेरीचं ऑफिस उघडलं की मी फोन करणार. उद्या रविवार, पण त्यांचं ऑफिस चालू असतं. हे घरीच असतील, समोर पेपर वाचत. असू देत. त्यांच्यादेखतच सांगेन, मीनलची आई बोलतेय, तिच्या नावाची जागा दुसऱ्या कुणाला द्या.