निलगिरीच्या तेलाची चव

कुठलीही बाटली उघडण्याआधी काका खिडकी उघडायचे. तेलाचा हात डोळ्यांना लागू नये म्हणून घाम खांद्याने टिपायचे. नाक चोंदलं की गरम पाण्यात मोजून तीन थेंब टाकायचे, डोक्यावरून टॉवेल घ्यायचे आणि डोळे घट्ट मिटायचे. दुखऱ्या गुडघ्याला लावतानाही आधी साधं तेल भरपूर, मग त्यात हे. भट्टीतून नवं तेल उतरलं की काडीच्या टोकाने जिभेला जरासं लावायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "जमलं."

घरामागच्या शेडमध्ये ते निलगिरीच्या पाल्याचं तेल काढायचे. सगळे त्यांना थेंबेकाका म्हणत.

"थेंबे, चौथा थेंब टाकला तर काय आभाळ कोसळेल?" शेजारचा शिंपी चिडवायचा.

"आभाळ नाही रे, तुझं कातडं सोलवटेल."

कॉलेज संपल्यापासून मी दुपारी तिथेच बसायचो, पुस्तक घेऊन. त्यांची चार वर्षांची नातही तिथेच खेळायची. कोरडी काडी जिभेला लावून म्हणायची, "जमलं." आम्ही हसायचो.

मंगळवारी काका बाटल्या भरत होते. कुणी हाक मारली म्हणून दारापर्यंत गेले. मी वाचत होतो. "जमलं," असं ऐकू आलं. मग खोकला. तिच्या हातात काडी नव्हती. बाटली होती.

काका धावले. मी घरात तिच्या आईला सांगायला पळालो. तिचं तोंड पुसून काका घशात बोट घालणार, तोच सूनबाई कानाला फोन लावून ओरडत आल्या.

"बाबा, थांबा! ओकायला लावू नका. तेल फुफ्फुसात जाईल म्हणतायत डॉक्टर. तशीच आणा म्हणाले. बाटलीपण घ्या."

गाडीत ती काकांच्या मांडीवर होती.

"आजोबा, झोप येतेय."

"झोपायचं नाही, राणी. आपल्या मांजरीचं नाव काय?"

तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही.

दवाखान्यात तिला आकडी आली. आम्हाला बाहेर काढलं. बाकावर काका हळूच म्हणाले, "मीच शिकवलं ना रे तिला?"



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. सूनबाई रडल्या. काका तिच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. वर, खाली.

तिला घरी आणल्यावर ते शेडमध्ये आले आणि बाटल्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या कापू लागले.

"मी लिहून देतो, काका."

"नको. चूक माझी, अक्षरही माझंच."

पहिल्याच चिठ्ठीच्या मध्यावर घरात काहीतरी खणकन पडलं. काका पेन टाकून धावले. नुसतं भांडं पडलं होतं. पण त्यानंतर ते शेडकडे फिरकले नाहीत. दिवसभर नातीजवळ बसून असतात.

चिठ्ठी तिथेच आहे. 'पोटात घेऊ नये. लहान मुलांच्या' एवढंच लिहिलंय.