न चाललेल्या तीन काचा

उज्ज्वलाताईंच्या शिकवणीला पहिल्या दिवशी गेले आणि माझं अकरावीचं जर्नल त्यांनी माझ्यासमोर फरशीवर टाकलं. लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वत्वरण बरोब्बर नऊ पॉइंट आठ एक. चुलतबहिणीच्या जर्नलातून उतरवलेलं, तिनं आणखी कुणाच्या तरी.

"हे तू मोजलंस व्हय?"

"सगळे असंच लिहितात, ताई."

"सगळ्यांचं सांगू नकोस. तू मोजलंस का?"

मग उचगावातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत तुळईला दोरा बांधला, दोऱ्याला कुलूप लटकवलं आणि मोबाइलवर वेळ लावून मला झोके मोजायला बसवलं. उत्तर आलं नऊ पॉइंट तीन. मी रडकुंडीला आले आणि बाई खूश! "आलंय न्हवं? मग त्येच लिही. चुकलंय, पण तुझं हाय. आता कुठं चुकलं ते हुडकू."

ताई दिवसा विद्यापीठात भौतिकशास्त्राचं संशोधन करायच्या आणि संध्याकाळी आम्हाला गणित-विज्ञान शिकवायच्या. उंची बेताची, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. आमच्याकडच्या बायकांसारखंच 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. पीएचडीला बसल्या म्हणून बोली बदलली नाही. काचेच्या पट्टीवर रसायनाचा पातळ थर चढवायचा आणि गॅस गळला की त्या थरानं तो ओळखायचा, हे त्यांचं काम. त्यात सात वर्षं गेली होती. फेलोशिप संपली होती, घर शिकवणीवर चालत होतं.

शेवटच्या तपासणीत बारा काचांपैकी नऊ चालल्या. तीन ढिम्म. का, ते कळेना. मार्गदर्शक सर म्हणाले, तीन वगळा, नऊंचं लिहा, लगेच सही करतो. ताईंनी प्रबंधात बाराच्या बारा लिहिल्या. सरांनी सही केली नाही.

गावात बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो! माझे वडील, आबा, डेअरीत दूध घालून तसेच ताईंकडे गेले. मीही सोबत होते.

"ताई, तुमच्या भल्याचं सांगतो. तीन काचा ठेवा की बाजूला! आधी डॉक्टर व्हा, मग काय खरं ते सांगत बसा."

"आबा, तुमच्या घरात गॅस हाय न्हवं? त्यो काय चालणारी काच बघून गळणार हाय व्हय?"

आबा वरमले, पण हटले नाहीत. "सगळेच करतात हो असं."

"सगळ्यांचं खपतं." ताईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आम्ही बौद्ध. मला प्रवेश मिळाला तवा लोक म्हणाले, फुकटात मिळाला. उद्या माझा एक आकडा खोटा निघाला, तर माझ्यामागनं येणाऱ्या सगळ्या पोरींचे आकडे खोटे धरतील. आणि ते जाऊ दे. डोळ्यानं बघितलंय ते मी खोडणार न्हाई. चहा घ्या."

आबांनी कप उचलला.

सात वर्षं पाण्यात गेली. 'हिचीच पीएचडी होईना, ही पोरांना काय शिकवणार,' म्हणत चार-पाच पालकांनी मुलं काढून घेतली. त्या लोकांचा मला आजही संताप येतो. आणि खरं सांगते, तेव्हा ताईंचाही आला होता. तीन काचांसाठी एवढा कसला हट्ट, असं मी घरी तावातावानं बोलले होते. आबाच मला म्हणाले, "गप बस."

आता मी एका कॉलेजात शिकवते. परवा ताईंकडे गेले तर कळलं, त्यांनी नव्या मार्गदर्शकांकडे पुन्हा नाव घातलंय. वय अडतीस, पहिल्यापासून सुरुवात. विषय कोणता? त्याच तीन काचा का चालल्या नाहीत.

मला राहवेना. "ताई, आणि सात वर्षांनी परत नाही कळलं तर?"

त्या फळ्यावर त्रिकोणमितीचं गणित सोडवत होत्या. समोर पंधरा-वीस मुलं. खडू तसाच हातात धरून वळल्या.

"तर 'कळलं न्हाई' म्हणून लिहितो. तीनशे पानं लिहितो. सही न करणारा दमंल, मी न्हाई."