वेंकोबारावांचा ब्रेक

"किल्ली दे, कृष्णा."

"नाही देत, काका."

तिरुवल्लिकेणीतल्या वेंकोबारावांच्या ओट्यावर आम्ही समोरासमोर बसलो होतो. गाडी त्यांची, किल्ली माझ्या खिशात. मेकॅनिकने गिऱ्हाइकाची किल्ली अडवून धरली की लोकांना वाटतं, बिल थकलं असणार. इथे बिलाचा विषयच नव्हता.

वेंकोबाराव रेल्वेच्या ऑफिसातून सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालेले. आमच्यासारखंच तंजावरकडचं मराठी घर. घरात मराठी, दारात तमिळ, राग आला की इंग्रजी. गाडी विलायती, दोन साहेबांच्या हातून फिरून त्यांच्याकडे आलेली. मी माउंट रोडवरच्या मोठ्या वर्कशॉपात नोकरीला होतो तेव्हापासून ती मला ओळखत होती. पुढे नोकरी सोडून मी रॉयपेट्टात शेड टाकली आणि काका माझ्यामागे तिकडे आले. माझ्या कौशल्यामुळे आले, असं मी घरी सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. मोठ्या वर्कशॉपात एखादा भाग बिघडला की तो बदलत. मी आधी उघडून बघत असे. पुष्कळदा साफ करून, घासून काम भागे. नाहीतर पुदुपेट्टैच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा भाग मिळे. विलायती नव्या सामानावर तेव्हा आयातीचे निर्बंध होते. वाट पाहून ते मिळायचं, आणि किंमत ऐकून प्यायला पाणी मागावं लागायचं.

"आमचा कृष्णा आहे ना, तो गाडीला नवं काही लागूच देत नाही," असं काका चारचौघांत सांगत. मला फुकटची जाहिरात मिळत होती, मी खुशीत होतो.

मग त्यांचा ब्रेक बिघडला.

ब्रेकचं पेडल दाबलं की एका नळकांड्यातलं तेल पुढे ढकललं जातं आणि चारी चाकं धरली जातात. त्या नळकांड्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. आत रबराची एक वाटी असते, ती तेल मागे निसटू देत नाही. वाटी झिजली तर बदलायची, सोपं काम. पण सिलिंडरच आतून खरवडला असेल, तर नव्या वाटीचाही इलाज चालत नाही. काकांचा सिलिंडर खरवडलेला दिसला.

"नवा घालू या," मी म्हटलं.

"किती खराब आहे?"

"जरासा."

"मग जराशासाठी अख्खा सिलिंडर? तूही माउंट रोडच्या कंपनीवाल्यांसारखं बोलायला लागलास. उद्या कांचीपुरमला जायचंय. पद्माला आणायची आहे."

पद्मा त्यांची मुलगी. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. पोरीला बसमधून धक्के खात नेणार नाही, माझ्या गाडीतून नेईन, असा शब्द त्यांनी व्याह्यांना दिला होता. सकाळी राहुकाळ लागायच्या आत निघायचं ठरलं होतं.

मी सिलिंडर आतून घासला, नवी वाटी बसवली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. मला माझं कौतुक वाटलं. ते मला लवकर वाटतं.

आता आमच्या शेडची एक रीत सांगायला हवी. ब्रेकचं काम झालं की ट्रायलला मी बायको-मुलींना गाडीत बसवत असे. एकट्याने ट्रायल मारताना आपलं मन फार उदार असतं. मागे घरची माणसं बसली की कान आपोआप टवकारतात. गिऱ्हाइकांना ही रीत ठाऊक होती आणि आवडत होती. माझ्या बायकोला, लक्ष्मीला, नव्हती आवडत. "लोकांचे नवरे बायकोला फिरायला नेतात, आमचे तपासायला नेतात," असं ती माहेरी सांगे.

त्या संध्याकाळी सगळ्यांना घेऊन टी. नगरातून कोडंबाक्कमकडे निघालो. ब्रेक उत्तम. कोडंबाक्कमला रेल्वेचं फाटक बंद होतं, आणि ते फाटक एकदा बंद झालं की माणसं घरगुती गप्पांना सुरुवात करत. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो. थोड्या वेळाने पेडल पायाखाली खाली जायला लागलं. संगीत सभेत मागच्या रांगेतला रसिक पेंगत खुर्चीत सरकतो ना, तितक्या सावकाश. सोडून पुन्हा दाबलं, घट्ट. धरून ठेवलं, पुन्हा खाली. म्हणजे खरवडलेल्या जागेतून तेल वाटीमागे निसटत होतं.

"उतरा," मी म्हटलं.

"इथे?" लक्ष्मी म्हणाली. "घर केवढं लांब आहे."

"बसने जा."

"अहो, गाडी नीट थांबली की."

"थांबली आहे तोवरच उतरा."

ती मुलींना घेऊन उतरली. मी हँडब्रेक ओढून फाटक उघडायची वाट पाहिली आणि पहिल्या गिअरात रांगत गाडी शेडवर आणली. शेडला कुलूप घातलं आणि सायकलवर तिरुवल्लिकेणी गाठली. तिथे ओट्यावर काकांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि किल्ली मागितली.

"शेडपर्यंत तूच चालवत आणलीस ना?"

"आणली."

"मग मी कांचीपुरमपर्यंत नेतो. सावकाश."

"म्हैस आडवी येताना तुमचा वेग विचारत नाही, काका."

"इतकी वर्षं तूच म्हणत आलास, नवं नको, चालतंय. आज काय झालं? माउंट रोडवाल्यांनी कमिशन दिलं?"

हे लागलं. माझी सगळी पत 'चालतंय' या एका शब्दावर उभी होती. 'चालत नाही' म्हणणारा कृष्णा काकांनी कधी पाहिलाच नव्हता.

"लक्ष्मीला आणि पोरींना कोडंबाक्कमच्या फाटकाशी उतरवलं," मी शेवटी म्हटलं. "बसने गेल्या घरी."

आतून काकू कॉफी घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"टॅक्सी सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्यापुढे कॉफी ठेवली. काकांपुढे ठेवायला जरा वेळ लावला.

टॅक्सी गेली, पद्मा आली, यथावकाश मुलगा झाला. टॅक्सीच्या भाड्याबद्दल काका मला अवाक्षर बोलले नाहीत. बाकी सगळ्या गल्लीला बोलले. गाडी त्यांनी माझ्याकडे ठेवली नाही, ओढून माउंट रोडला नेली. तिथल्या लोकांनी सिलिंडर पाहिला आणि नवाच घालावा लागेल म्हणाले. काकांनी घासाघीस न करता तो घातला. कंपनी रोजच 'बदला' म्हणते, त्यामुळे तिने म्हटल्याचं कुणाला नवल वाटत नाही.

काही महिन्यांनी ते सायलेन्सर जोडून घ्यायला माझ्याकडे आले. मागच्या सीटवर काकू, त्यांच्या मांडीवर नातू. ब्रेकचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. फक्त शेडमध्ये गाडी घेताना त्यांचं पेडल मी जरा जास्त वेळ दाबून धरलं. ते जागचं हललं नाही.

हल्ली नवं गिऱ्हाईक आलं की पहिल्या दिवशीच सांगून टाकतो. सायलेन्सर, रेडिएटर, डायनामो, यांत तुमचे पैसे वाचवीन. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये नाही. यावर काही जण उठून माउंट रोडला जातात. त्यांचे ब्रेक चांगले असतात.